खाटेच्या तिन्ही बाजूंनी

रोहित, परवा फोनवर तू म्हणालास की घराच्या बाजूला एक खोली काढायची आहे, पण ती हद्दीच्या फार जवळ जाते, म्हणून तिकडच्या नगरपालिकेकडे अर्ज केला आहे आणि आता शेजाऱ्याच्या पत्राची वाट बघतो आहेस. मागून मेघा हसत म्हणाली, "आजीला यातलं काय सांगतोयस?" मेघा, मला यातलं कळतं. घर आणि हद्द यांच्यामध्ये जी जागा मोकळी सोडावी लागते, तिला आमच्याकडे सामासिक अंतर म्हणतात. त्यात सूट कशी मागायची, आणि ती मागताना माणसाची काय अवस्था होते, हे मी जळगावला एका बाईंकडे बघून शिकले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

त्यांचं नाव तानूअक्का. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नर्स म्हटलं की लोक विचारायचे, बाळंतपणं करता का? त्या म्हणायच्या, "नाही. मी पुरुषांच्या वॉर्डात. तिथे सगळे जुनेच येतात."

मेहरूण तलावाच्या बाजूला तेव्हा नवी वसाहत होत होती. तुमचे आजोबा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, आणि तुमची आई चौथीत होती. आमचं घर होऊन दोन वर्षं झाली होती. शेजारचा प्लॉट रिकामा होता. तो तानूअक्कांनी घेतला तेव्हा त्या ओळीतल्या दोघांनी मूळ मालकाला निरोप पाठवला होता की यांना देऊ नका. अक्का बोदवडकडच्या, बौद्ध घरातल्या. निरोप देणाऱ्यांनी कारण सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्ही निरोप पाठवला नाही, एवढंच आमचं पुण्य. ते फार मोठं नव्हतं, हे आता लिहून ठेवते.

आमच्या घरात त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्याने, बशी डाव्या हातात, नजर छातीवर पिनेने उलट्या लावलेल्या घड्याळाकडे. पायांत रबरी तळाचे पांढरे बूट. घरात आल्या की बोलता बोलता आमच्या पलंगावरची चादर ओढून तिचे कोपरे गादीखाली मुडपायच्या. "सुरकुती राहिली की तिथेच जखम होते," म्हणायच्या. आमच्या घरात तेव्हा कुणी आजारी नव्हतं. मी म्हणायची, अक्का, बसा ना दोन मिनिटं. त्या म्हणायच्या, "बसलेल्या माणसाला आधी मुंग्या येतात, मग झोप येते, मग डॉक्टर येतो."

सगळी मापं खाटेची. तलावाकडची पायवाट दोन खाटा रुंद. आमचं स्वयंपाकघर दीड खाट. एका बाईचा नवरा कसा आहे विचारलं तर म्हणाल्या, "खाटेला पुरून उरतो." त्यांची खाट म्हणजे दवाखान्यातली लोखंडी खाट, तीन फूट रुंद. आणि त्यांच्या घराचा सगळा नकाशा एका वाक्यात होता. खाटेच्या तिन्ही बाजूंनी माणूस फिरला पाहिजे.

या वाक्यामागे बोदवड होतं. अक्कांची आई, जिला त्या माय म्हणत, अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षं पडून होती. भावाच्या घरी, मागच्या खोलीत, धान्याच्या पोत्यांशेजारी. खाट भिंतीला लावलेली. त्यामुळे मायला एकाच बाजूने हात लावता यायचा, आणि उजव्या कुशीखाली जखम झाली होती. अक्का सुटीच्या दिवशी गाडीने बोदवडला जायच्या, जखम धुवायच्या, संध्याकाळी परत. वहिनीबद्दल त्या कधी वाईट बोलल्या नाहीत. "ती एकटी काय करील? एकीने ओढायचं असतं, दुसरीने ढकलायचं असतं. दुसरी उभी कुठे राहणार? पोत्यावर?" दवाखान्याच्या नर्सेसच्या खोल्यांत नातेवाईक ठेवायची परवानगी नव्हती. म्हणून हे घर. दोनच खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि पुढे मायची खोली, नऊ फूट खोल, रस्त्याकडे खिडकी.

पुढच्या खोलीच्या भिंती चौकटीच्या वर गेल्या आणि नगरपालिकेचे ओव्हरसियर आले. जाडजूड गृहस्थ, पण कामाला चोख. त्यांनी फीत लावली. रस्त्याकडच्या हद्दीपासून दहा फूट मोकळी जागा हवी होती, भरली साडेसात. आठ दिवसांत नोटीस आली. काम थांबवा, आणि पुढची भिंत अडीच फूट मागे घ्या.

नऊतून अडीच गेले तर उरतात साडेसहा. त्यात मागे स्वयंपाकघरात जायची वाट सोडली, तर खाट भिंतीलाच टेकवावी लागणार. बोदवडला होती तशीच.

त्या संध्याकाळी अक्का आमच्याकडे आल्या. नोटीस माझ्या हातात दिली आणि पुढच्या खोलीत फेऱ्या मारू लागल्या. दारापासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत. "ताई, तुम्ही अर्ज लिहा. तुमचं इंग्रजी चांगलं आहे आणि मराठी त्याहून चांगलं आहे. सूट मागायची आहे. नगरपालिका शिफारस करील, निकाल धुळ्याच्या नगररचना कार्यालयातून येईल."

मी पॅड घेतलं, समास आखला. अर्जदाराचं नाव, प्लॉट, मागणी, कारणं. मग विचारलं, "चूक कशी झाली, ते लिहायला लागेल. गवंड्याने माप चुकवलं?"

त्या थांबल्या. फेरी मध्येच तोडून थांबल्या म्हणून मला ते आठवतं.

"गवंड्याचं नाव नको. धनाभाऊची पुढची कामं जातील. लिहा, अर्जदाराच्या देखरेखीतील चूक."

"पण तुम्ही तर ड्यूटीवर होता."

"म्हणूनच ना. देखरेख नव्हती."

मी तसंच लिहिलं. चांगला अर्ज होता. एकही शब्द खोडला नव्हता.

त्याला जोडायला लागूनच्या प्लॉटधारकाचं हरकत नसल्याचं पत्र हवं होतं. म्हणजे आमचं. तुमचे आजोबा सज्जन होते, पण सहीला जपत. म्हणाले, "हद्दीची बाब आहे. वकिलाला एकदा दाखवावं म्हणतो."

"दाखवा ना भाऊ," अक्का म्हणाल्या. "विचार करा. मी उभीच आहे."

आणि खरंच उभ्या राहिल्या. आजोबांनी वर्तमानपत्र उघडलं. अक्का उभ्या. आजोबांनी पान उलटलं. अक्कांनी घड्याळ पाहिलं, मग टेबलावरचा कपडा सारखा केला. तुमची आई दारातून बघत होती. दहाएक मिनिटांनी आजोबा म्हणाले, "पेन कुठे आहे?" पुढे घरात कुणी काही ठरवायला वेळ लावला की तुमची आई हळूच म्हणायची, "मी उभीच आहे."

मग धुळे सुरू झालं. जळगावहून एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळे. पहाटेची गाडी, म्हणजे कचेरी उघडायला तिथे. पहिल्या खेपेला अक्का एकट्या गेल्या. दुसऱ्या खेपेला मला घेऊन गेल्या, कारण फाइलवरचे शेरे इंग्रजीत असत. गाडीतही त्या निम्म्या वाटेपर्यंत दांडीला धरून उभ्या होत्या, शेजारची जागा रिकामी असून. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट बसायचंच फाडलंय." त्या म्हणाल्या, "ठेवा तुमच्याकडे."

कचेरीच्या व्हरांड्यात बाकांवर लोक बसले होते. अक्का एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होत्या. प्रत्येक फेरीला आतल्या दाराकडे एक नजर. मी बाकावर बसून वही तपासत होते, पण एका वहीवर तीनदा सही केली, इतकी त्यांची चाल माझ्या डोक्यात भरली. शेवटी शिपाई स्टूल घेऊन आला. धुळ्याकडचा अहिराणी बोलणारा, 'सगळे'ला 'बठ्ठा' म्हणणारा माणूस.

"साहेब नाशिकले जायेल शेतस, अक्का. दुपारले येतीन. बठ्ठा लोके बसेल शेतस, तुम्ही बी बसा ना."

"बठ्ठे लोक निरोगी आहेत का पण?" अक्का म्हणाल्या आणि चालू लागल्या.

त्यांचं लक्ष खरं तर आतल्या कारकुनाकडे गेलं होतं. चाळिशीचा माणूस, टेबलाखाली चपला काढून बसलेला. दुपारी आमचा नंबर लागला, त्याने फाइलींच्या चळतीकडे हात नेला, तर अक्का म्हणाल्या, "फाइल नंतर काढा. आधी लघवी तपासून घ्या."

त्याने हात तसाच ठेवला. "काय म्हणालात?"

"पाय सुजलेत तुमचे. बोट दाबलं तर खड्डा राहतो का? सकाळी डोळ्यांखाली फुगतं का?"

आजूबाजूचे हसले. कारकून लाल झाला. फाइल क्रमाने येईल, त्याने सांगितलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं. परतीच्या गाडीत मी फार चिडले होते. म्हटलं, "अक्का, आपण कामासाठी गेलो होतो ना? तो आता मुद्दाम मागे ठेवील."

"ठेवू द्या," त्या म्हणाल्या. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून गाडीभोवती चालत राहिल्या. परत चढल्यावर म्हणाल्या, "त्याचे पाय बघितल्यावर मला दुसरं सुचेचना, ताई. चुकलं माझं. मायची जखम आता हाडापर्यंत जाईल आणि मी कुणाचे पाय बघतेय."

कारकुनाने फाइल मागे ठेवली नाही, पुढेही काढली नाही. ती तिच्या क्रमाने आली. अक्का तोवर ड्यूटी, बोदवड आणि अर्धवट भिंती यांच्यामध्ये धावत होत्या. रोज संध्याकाळी त्या बिनछपराच्या खोलीत येऊन उभ्या राहायच्या. आमच्या खिडकीतून मला दिसायचं. कधी एक हात भिंतीवर ठेवून, जणू तिचा ताप बघताहेत.

एका गुरुवारी धुळ्याचे साहेब जागा बघायला येणार असं कळलं. अक्कांनी दवाखान्यातून मोडीत निघालेली एक खाट मागून आणली आणि छपराशिवायच्या खोलीत मधोमध मांडली. भिंत मागे घेतली तर जिथे येईल, तिथे जमिनीवर चुन्याची रेघ मारली. खाटेवर पांढरी चादर, कोपरे मुडपलेले.

साहेब तरुण होते. बरोबर ओव्हरसियर, आणि एका बाजूला धनाभाऊ गवंडी. आजोबा आणि मी आमच्या फाटकात. साहेबांनी खाट बघितली. "हे काय?"

"पेशंट येईपर्यंत आपणच करून बघू," अक्का म्हणाल्या. "ओव्हरसियर साहेब, तुम्ही आडवे व्हा."

"मी?"

"तुमच्याच नोटिशीची खोली आहे."

ओव्हरसियरने साहेबांकडे बघितलं. साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. ओव्हरसियर बूट काढून आडवे झाले. खाट करकरली.

"अंग सैल सोडा. अर्धांग झालंय तुम्हाला. उजवा हात उचलायचा नाही. साहेब, तुम्ही भिंतीच्या बाजूने या. कमरेखालची चादर धरा. खांद्याला धरून ओढू नका, पेशंट ओरडतो. मी ढकलते, तुम्ही ओढा. हं."

ओव्हरसियर अलगद कुशीवर वळले. "जेवून आलात वाटतं," अक्का म्हणाल्या. मग त्यांना उठवलं, खाट सरकवून चुन्याच्या रेघेला लावली, पुन्हा झोपवलं. "आता भिंत इथे आहे. साहेब, या तुमच्या बाजूला."

साहेब रेघेपाशी आले. रेघेपलीकडे मोकळी जमीन होती, पाऊल टाकलं असतं तर सहज टाकता आलं असतं. त्यांनी टाकलं नाही. "कुठून येऊ?" ते म्हणाले.

"तेच विचारतेय साहेब. कुठून येणार?"

ओव्हरसियर कुशीवर तसेच पडून होते.

साहेब बाहेर आले, फीत मागितली. म्हणाले, "अर्जात चूक देखरेखीतली लिहिली आहे. पण अडीच फूट अचूक जातात कसे? धनाजी, दोरी कुठून धरली होती?"

"आम्ही त शेजारच्या मेंदीले दोरी लावली साहेब, नेहमी लावतो तशी, अन् तिथून दहा..."

"धनाभाऊ," अक्का म्हणाल्या, "चहाचं बघा जरा."

पण साहेबांनी ऐकलं होतं. दोन प्लॉटांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला, हद्दीचा दगड होता. आम्ही घर बांधलं तेव्हा तो आमच्याच रोड्याच्या ढिगाखाली गेला होता, अक्कांच्या भिंती वर आल्यावर तो ढीग उपसला तेव्हा उघडा पडला. साहेबांनी त्याच्यापासून फीत धरली. आमचं मेंदीचं कुंपण दगडाच्या बाहेर होतं. रस्त्यात, अडीच फूट.

"हे कुंपण कुणाचं?"

"झाड आहे साहेब, वाढतं," अक्का घाईने म्हणाल्या.

"बुंधा जागचा सरकत नाही, बाई."

तुमच्या आजोबांनी ती मेंदी स्वतः दोरी धरून लावली होती. गटारीसाठी कुणी ठोकलेली खुंटी त्यांना हद्दीची वाटली, आणि मी, जिला सगळं जागच्या जागी लागतं, ती दोन वर्षं दर महिन्याला ते कुंपण सरळ कापून घेत होते. वसाहतीत सगळे म्हणायचे, काय रेषेत कुंपण आहे. गवंडी त्या रेषेला भुलला यात नवल नव्हतं.

आजोबा फाटकातून बाहेर आले. "माझं आहे," म्हणाले. "चूक माझी आहे. तसं लिहून देतो." या वेळी कुणाला उभं राहावं लागलं नाही.

साहेब गेल्यावर मी अक्कांना विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दगड निघाला तेव्हापासून."

म्हणजे नोटीस यायच्याही आधी. काय झालंय हे त्यांना कळलं तेव्हा भिंती वर आल्या होत्या. "मग अर्जात का नाही लिहिलं? धुळ्याच्या दोन खेपा वाचल्या असत्या."

त्या चादरीची घडी घालत होत्या. "बांधकामाचं पाणी मला रोज तुमच्याच नळावरून न्यायचं होतं ना, ताई."

एवढंच म्हणाल्या. रागाने नाही, हसूनही नाही. त्या ओळीत दुसरा नळ त्यांना कुणी दिला असता, आणि कुणी दिला नसता, हे मला माहीत होतं. मी त्यांची चांगली शेजारीण आहे असं समजत होते, आणि त्या मला जपून वागवत होत्या. इतकी वर्षं झाली, मला अजून ठरवता येत नाही की ती माया होती की सावधपणा. बहुधा दोन्ही असेल.

महिन्याभराने पत्र आलं. इंग्रजीत होतं, मी फाटकातच वाचून दाखवलं. खास बाब म्हणून अडीच फुटांची सूट. अट अशी की उरलेल्या साडेसात फुटांत ओटा, छप्पर काही काढायचं नाही. आणि शेजारच्या प्लॉटधारकाने कुंपण हद्दीत घ्यायचं. आजोबांनी रविवारी स्वतः कुदळ घेऊन मेंदी काढली. त्यातली बरीचशी रोपं अक्कांनी नेली आणि आपल्या हद्दीवर लावली. दगडाला दोरी बांधून.

माय गाडीने आली. स्टेशनवरून टांग्यात, मांडीवर घेऊन. नव्या खोलीत निजवल्यावर तिने डोळा फिरवून चारी भिंती बघितल्या. जीभ जड होती, पण शब्द कळायचे. "एवढी मोठी खोली कायले? मी काय नाचू राह्यली का?"

"मी नाचते, माय," अक्का म्हणाल्या, आणि खाटेला वळसा घालून पलीकडे गेल्या.

जखम भरली. पुरी नाही, पण भरली. माय त्या खिडकीतून तीन वर्षं रस्ता बघत होती. आमच्याकडे कोण आलं, भाजीवाली कितीला भांडली, तुमच्या आईच्या वेण्या आज कुणी घातल्या, सगळं तिला ठाऊक. दुपारी शाळेतून परतताना मला खिडकीतून अक्का दिसायच्या, अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे, चादर ओढत. दिवसपाळी रात्रपाळी करून त्या कधी झोपत असतील, मी विचारलं नाही. एकदा विचारलं असतं तरी उत्तर उभ्यानेच मिळालं असतं.

माय गेली त्याच वर्षी तुमच्या आजोबांची धुळ्याच्या कॉलेजात बदली झाली आणि आम्ही जळगाव सोडलं. घर भाड्याने दिलं. निरोप द्यायला अक्का त्यांच्या साडेसात फुटांत उभ्या होत्या. ट्रक भरून होईपर्यंत तिथेच फेऱ्या मारत होत्या. तीन पावलं जायची, तीन यायची.

वर्षभराने शाळेतल्या कागदांसाठी मी एकदा जळगावला गेले. काम लवकर आटपलं, परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून वसाहतीत गेले. दुपारचे चार वाजले असतील. अक्कांचं दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारली, उत्तर आलं नाही. मी आत डोकावले.

अक्का मायच्या खाटेवर झोपल्या होत्या. रात्रपाळीची पांढरी साडी तशीच, बूट तेवढे काढून खाटेखाली जोडीने ठेवलेले. तोंड थोडं उघडं. छातीवरचं उलटं घड्याळ श्वासाबरोबर वरखाली होत होतं. मी त्यांना आडवं कधी पाहिलं नव्हतं. त्या लहान दिसत होत्या, खाट उरली होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन बरोबर त्यांच्या डोळ्यांवर येत होतं आणि झोपेतच त्या कपाळ आवळत होत्या.

खिडकी खाटेच्या पलीकडे होती. मी चपला दारात काढल्या, पायथ्याकडून वळसा घेतला आणि खाट आणि भिंत यांच्यामधून गेले. सरळ चालत. पदर सावरावा लागला नाही, गुडघा खाटेला लागला नाही. खिडकीची एक झडप लोटली. ऊन त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून उशीवर गेलं. कपाळ सैल झालं.

त्यांच्या पायथ्याशी चादरीचा एक कोपरा सुटला होता. तो मी गादीखाली मुडपला, आणि आले तशीच परत फिरले.